उजेड टोचायला लागला की

प्रिय,

तुझं पत्र आत्ताच वाचलं. पुढचं नंतर वाच. लेन्स अजून डोळ्यांत असतील तर आधी साबणाने हात धू, नीट कोरडे कर आणि त्या काढून ठेव. टाकून मात्र देऊ नकोस, डबीसकट जपून ठेव. कशासाठी ते खाली सांगते.

आठवडाभर डोळे चुरचुरतात, संध्याकाळी लाल होतात, यावर तू अर्धं पान लिहिलंस. दोन दिवसांपासून खिडकीकडे बघवत नाही, हे मात्र एका ओळीत उरकलंस. माझा जीव अडकला तो त्या एका ओळीत.

चुरचुरण्याला साधी कारणं असू शकतात. स्क्रीनकडे एकटक बघताना पापण्या कमी लवतात, अश्रूंचा थर सुकतो, लेन्सही कोरडी पडते आणि डोळ्यांत बारीक वाळू गेल्यासारखं वाटतं. असा त्रास बहुतेक वेळा लेन्स काढल्यावर काही तासांत उतरतो. लेन्स काढूनही उजेड सहन होत नसेल, डोळा दुखत असेल, पाणी गळत असेल किंवा धूसर दिसत असेल, तर तो निव्वळ कोरडेपणा समजून घरी बसायचं नाही. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जायचं.

उजेडच का टोचतो, हे समजलं तर तुला माझी घाई पटेल. बुबुळावर काचेसारखा पारदर्शक पडदा असतो, तो कॉर्निया. त्यात रक्तवाहिन्या नसतात. त्याला लागणारा बराचसा ऑक्सिजन बाहेरच्या हवेतून, अश्रूंत विरघळून मिळतो. मज्जातंतूंचं जाळं मात्र तिथे अतिशय दाट असतं. कॉर्नियाला ओरखडा गेला किंवा जंतूंची लागण झाली की आतले बाहुली आवळणारे स्नायूही चिडतात. मग उजेड पडला, बाहुली आकसली की कळ येते. म्हणून गॉगल लावून वेळ मारून नेऊ नकोस. गॉगलने कळ कमी होईल, जखम तिथेच राहील.

मी तुझ्या वयाची असताना दोन रात्री लेन्स घालून झोपले होते. मिटलेल्या पापणीखाली ऑक्सिजन आधीच कमी पोचतो, त्यात लेन्सची आडकाठी, आणि जंतूंना तिच्याखाली निवांत जागा मिळते. झोपेत लेन्स ठेवल्याने कॉर्नियाच्या संसर्गाचा धोका कित्येक पटींनी वाढतो, हे तेव्हा मला माहीत नव्हतं. डोळे आले असतील म्हणून मी घरातले जुने थेंब घातले. त्यांत स्टेरॉइड होतं, म्हणजे लाली-सूज दाबणारं, पण जंतूंना न मारणारं औषध. लाली ओसरली, मला बरं वाटलं, आणि आतली जखम चिघळत गेली. कॉर्नियावर पांढरा डाग राहिला. रात्री दिव्यांभोवती अजूनही मला वलयं दिसतात. तुला हे सगळं इतक्या कळकळीने लिहिते आहे ते म्हणूनच. कुणाचेही, कुठलेही उरलेले थेंब घालू नकोस. डोळ्यावर पट्टीही बांधू नकोस.

तपासणीला घाबरण्यासारखं काही नाही. फ्लुओरेसिन नावाचा नारिंगी रंग डोळ्याला लावतात आणि निळ्या प्रकाशात बघतात. कॉर्निया जिथे खरवडला असेल तिथे हिरवं चमकतं. संसर्गाचा संशय आला तर तुझी लेन्स आणि डबी तपासून जंतू कुठला ते शोधता येतं, म्हणून ती बरोबर ने. किती तास लेन्स डोळ्यांत असायच्या, झोपेत ठेवल्या का, त्यांना पाणी लागलं का, सगळं खरं सांग. लपवलंस तर औषध चुकू शकतं.

पाण्याचं मुद्दाम लिहिते, कारण अंघोळीच्या वेळी लेन्स काढत नाहीस असं तू लिहिलंस तितक्या सहज कुणी म्हणू नये. नळाच्या, तलावाच्या पाण्यात अकँथअमीबा नावाचा सूक्ष्म जीव असू शकतो. तो लेन्सला चिकटून कॉर्नियात शिरला तर उपचार महिनोन्‌महिने चालतात. पोहताना, अंघोळ करताना लेन्स नकोच. डबीही पाण्याने धुवायची नाही. लेन्सच्या सोल्यूशनने खळबळायची, उघडी पालथी घालून वाळवायची आणि दर 3 महिन्यांनी नवी घ्यायची. कालच्या सोल्यूशनमध्ये आजची भर घालणं ही सवय मी बऱ्याच जणांत पाहिली आहे. जुनं ओतून टाकायचं, रोज ताजं भरायचं. सलाइनने, म्हणजे नुसत्या मिठाच्या द्रावणाने, लेन्स निर्जंतुक होत नाही, ते फक्त धुण्यापुरतं.

डोळा बरा वाटला म्हणून ‘एकदा घालून बघू’ असं करू नकोस. डॉक्टर हो म्हणतील तेव्हाच लेन्स, आणि त्याही नव्या, नव्या डबीतून.

तोवर चष्मा. त्याचा नंबर जुना झाल्यामुळेच दिवसभर लेन्स घालावी लागते, असं तू लिहिलंस. मग औषध संपून डोळा शांत झाला की तो नंबरही तपासून घे आणि नवा चष्मा कर. डॉक्टरांनी काय सांगितलं ते मला लगेच कळव, मी वाट बघते आहे.

तुझी,
मावशी