बापाले नही आलं, तं पोराले कुठून येईन?

प्रश्न: सर, माझा मुलगा सातवीत आहे. गणितात पस्तीसच्या वर जात नाही. सासूबाई म्हणतात, "बापाले नही आलं, तं पोराले कुठून येईन? रक्तातच नही." आमची भरताच्या वांग्यांची शेती आहे. बाजाराच्या दिवशी तो वडिलांबरोबर दुकानावर बसतो, तिथं मात्र हिशेबात रुपयाही चुकत नाही. शिकवणीचे सर परवा म्हणाले, याला शेतीच बरी. बुद्धी खरंच जन्मतः ठरते का?
– एक आई, यावल तालुका

उत्तर: ताई, तुमच्या पत्रातलं बाजाराचं वाक्य मी दोनदा वाचलं. निम्मं उत्तर तिथंच आहे.

समजा, सव्वादोन किलो वांगी, भाव चाळीस. तुमचा मुलगा काय करत असेल? दोन किलोचे ऐंशी, पाव किलोचे दहा, झाले नव्वद. पुस्तकात यालाच वितरणाचा गुणधर्म म्हणतात. त्याला तो येतो, फक्त त्याचं नाव आणि तो कागदावर मांडायची रीत येत नाही. वहीत '२.२५ × ४०' दिसलं की दशांश चिन्हापाशी गाडी अडते. ब्राझीलच्या रेसिफे शहरात रस्त्यावर माल विकणाऱ्या मुलांना अशीच गणितं घालून पाहिली होती. १९८५ साली ते संशोधन छापून आलं. दुकानावर विचारलेले शंभरातले ९८ हिशेब बरोबर आले. तसेच आकडे नुसत्या गुणाकार-भागाकाराच्या रूपात दिले, तर ३७. पोरं तीच होती.

आता रक्ताचं. बुद्धीत जनुकांचा वाटाच नाही असं मी म्हणणार नाही, ते खोटं होईल. वेगवेगळ्या घरांत वाढलेली एकसारखी जुळी भावंडंही बुद्धिचाचणीत एकमेकांच्या बरीच जवळ येतात. पण 'गणिताचं जनुक' अशी काही वस्तू नसते. हजारो बारीकसारीक फरक असतात, एकेकाचा परिणाम चिमूटभर. त्यातले निम्मे बापाकडून, निम्मे आईकडून, आणि प्रत्येक लेकराच्या वेळी पत्ते नव्यानं पिसलेले. म्हणजे सासूबाईंचा हिशेब तुम्हाला सोडून केलेला आहे.

केळीवरून सांगतो. एका वर्षी आमच्या मळ्यात जी-नाईन या वाणाची टिश्यू कल्चर (प्रयोगशाळेत वाढवलेली) रोपं लावली. ही रोपं एकाच झाडाच्या नकला असतात, जनुकं सगळ्यांची जवळपास तीच. अर्धी विहिरीजवळच्या काळ्या जमिनीत गेली, अर्धी वरच्या मुरमाड तुकड्यात. वरच्या तुकड्यात ऐन वैशाखात ठिबक तुंबलं, आमचंही लक्ष नव्हतं. खाली घड २७-२८ किलोचे निघाले, वर १५ किलोही भरेनात. वरच्या घडाच्या दोन फण्या हातात घेतल्या तर बोटभर लांबीची केळी. या फरकात जनुकांचा वाटा शून्य. उलट जमीन, पाणी, खत सगळीकडे सारखं दिलं आणि वाण निरनिराळे लावले, तर फरक वाणाचाच दिसणार. म्हणून 'बुद्धी अमुक टक्के आनुवंशिक' हा आकडा एका पोराचा कधीच नसतो. ज्या लोकांत मोजला, त्यांच्यातल्या फरकांचा तो असतो, आणि जमीन बदलली की तोही बदलतो.

मानसशास्त्रज्ञ एरिक टर्कहायमर आणि सहकाऱ्यांनी २००३ साली अमेरिकेतल्या सात वर्षांच्या जुळ्यांवर हेच दाखवलं. सुखवस्तू घरांत बुद्ध्यंकातला (बुद्धिचाचणीच्या गुणांतला, म्हणजे आयक्यूतला) बराचसा फरक जनुकांकडे जात होता, गरीब घरांत जवळजवळ काहीच नाही. तिथं घरची परिस्थितीच भारी पडत होती. पश्चिम युरोपात गरीब आणि सुखवस्तू घरांत असा भेद दिसला नाही. तिथं गरिबाच्या लेकरालाही शाळा आणि दवाखाना बरा मिळतो, हे त्याचं एक कारण असावं असं अभ्यासक मानतात. मला ते पटतं. मुरमाड तुकड्यात वाण पारखायची वेळच येत नाही.

तेव्हा शाळा सोडवू नका. सहा लाखांहून जास्त लोकांची माहिती एकत्र करून २०१८ साली असं दिसलं, की शिक्षणाच्या एकेका वर्षानं बुद्ध्यंक १ ते ५ गुणांनी वाढतो. मुलाचे डोळे तपासा, त्याला मागच्या बाकावरून फळा दिसतो का ते विचारा. हिमोग्लोबिन पाहा, कारण अंगात लोह कमी असलं की लक्ष टिकत नाही. बाजारातून आल्यावर त्या दिवसाचे पाच हिशेब त्याच्याकडून आधी तोंडी करून घ्या, मग जसे तोंडी केले तसेच वहीत मांडायला लावा. आणि सासूबाईंना शांतपणे विचारा, त्याच्या बापाला आलं नाही, का कोणी बसून शिकवलं नाही?

प्रश्न: गेल्या हंगामात कापूस चांगल्या भावानं मागितला होता, आणखी वाढेल म्हणून दिला नाही. आता भाव पडलाय. घरात कापसाचा ढीग, लेकरांना खाज सुटते, तरी विकायला हात धजत नाही. असं का होतं?
– एक शेतकरी, चोपडा तालुका

उत्तर: दादा, ही खोड फार जुनी आहे. डॅनियल कानमन आणि अमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली मांडलं, की मिळालेल्या शंभराच्या आनंदापेक्षा गेलेल्या शंभराचं दुःख मोठं असतं; पुढच्या मोजण्यांत ते साधारण दुप्पट निघालं. २००६ साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठातला कापुचिन जातीच्या माकडांवरचा प्रयोग छापून आला. एक माणूस सफरचंदाची एक फोड दाखवायचा आणि कधी कधी दोन द्यायचा. दुसरा दोन दाखवायचा आणि कधी कधी एकच द्यायचा. सरासरी दोघांची सारखीच, पण माकडं पहिल्याकडेच जास्त वळली; दाखवलेल्यातलं कमी होणं त्यांनाही तोटाच वाटत असावा. त्या माकडांचे आणि आपले पूर्वज साडेतीन कोटी वर्षांपूर्वीच वेगळे झालेत. पोटापुरतंच हाती असेल तेव्हा एक घास जाणं म्हणजे जिवाशी गाठ, त्यातून ही सवय मुरली असावी.

तुमचं मन गेल्या हंगामाचा भाव 'आपला' धरून बसलंय, म्हणून आजची विक्री त्याला तोटा वाटते. कर्ज, मजुरी, फवारणीचा खर्च हे खरे आहेत, ते मी नाकारत नाही. पण कापसाला तुमचा खर्च माहीत नसतो. पुढच्या वर्षी पहिल्या वेचणीआधीच कॅलेंडरवर लिहून ठेवा: एक हिस्सा दिवाळीला, एक संक्रांतीला, एक होळीआधी, भाव काहीही असो. आणि आजच्यापुरतं स्वतःला इतकंच विचारा, की घर रिकामं असतं आणि हातात आजच्या भावाचे पैसे असते, तर बाजारातून एवढा कापूस विकत आणून घरात भरला असता का?