वाचकांचे प्रश्न : दोनशेत तीस, योगायोग की धोका?

प्रश्न : एका औषधाच्या माहितीपत्रकात ‘10 टक्के लोकांना मळमळ होते’ असे म्हटले आहे. 200 जणांच्या पाहणीत 30 जणांना मळमळ झाली. पत्रक चुकीचे म्हणायचे का?

उत्तर : आधी पत्रक खरे आहे असे धरा. मग 200 जणांत सरासरी 20 जणांना मळमळ व्हायला हवी. ‘त्रास झाला की नाही’ अशा दोनच शक्यतांच्या मोजणीला द्विपद वितरण लागते. त्याचे प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीचा नेहमीचा चढउतार, हे 200 × 0.1 × 0.9, अर्थात 18 चे वर्गमूळ : 4.24. त्रास होणारे 20 आणि न होणारे 180, हे दोन्ही अपेक्षित आकडे 10 च्या वर आहेत, त्यामुळे नॉर्मल वितरणाचा, म्हणजे घंटेच्या आकाराच्या वक्राचा, आधार घेता येतो.

बहुतेकांची चूक पुढच्या पायरीवर होते. 30 मधून 20 वजा करून थेट 4.24 ने भागले की झेड (सरासरीपासूनचे अंतर किती प्रमाण विचलनांचे, तो आकडा) 2.36 येतो आणि 30 किंवा अधिक जणांना त्रास होण्याची शक्यता 0.9 टक्का दिसते. पण रुग्ण पूर्णांकात मोजतात, वक्र मात्र अखंड असतो. प्रत्येक संख्येचा एक स्तंभ काढला तर 30 चा स्तंभ 29.5 पासून सुरू होतो. म्हणून 9.5 भागिले 4.24. झेड 2.24, शक्यता 1.3 टक्का. नेमके द्विपद उत्तर याहूनही थोडे मोठे, दीड टक्क्याच्या किंचित वर आहे, कारण 0.1 संभाव्यतेचे वितरण उजवीकडे जरा लांबलेले असते. स्प्रेडशीटमध्ये ते ताडून पाहताना ‘जास्तीत जास्त 29’ ची शक्यता काढून 1 मधून वजा करा. तिथे 30 घातले तर 30 चा स्तंभच गळतो.

एवढी कमी शक्यता आली की पत्रकावर शंका घ्यायला जागा आहे. मात्र ‘पत्रक खरे असण्याची शक्यता 1.3 टक्का’ असा अर्थ काढू नका. हा आकडा पत्रक खरे धरूनच काढला आहे. शिवाय ते 200 जण एकमेकांपासून स्वतंत्र हवेत. सगळे एकाच वॉर्डातले असतील आणि जेवणही एकच असेल, तर खरा चढउतार 4.24 पेक्षा मोठा असतो आणि वरचे गणित फसते. त्रास झालेल्यांनीच उत्साहाने फॉर्म भरले असतील, तर गणित करण्यातच अर्थ नाही.

प्रश्न : एरवी हजारात एकाला होणारा आजार 1000 कामगारांत तिघांना झाला. ‘तिप्पट धोका’ हा मथळा बरोबर आहे का?

उत्तर : इथे नॉर्मल वापरूच नका. अपेक्षित रुग्ण 1, प्रमाण विचलनही जवळपास 1. तीन किंवा अधिक रुग्ण निव्वळ योगायोगाने सापडण्याची शक्यता दुरुस्ती न करता 2.3 टक्के येते, वरच्यासारखी अर्ध्याची दुरुस्ती केली (3 ऐवजी 2.5 धरले) तर 6.7, आणि नेमकी आहे सुमारे 8 टक्के. म्हणजे एवढ्यावरून ‘तिप्पट धोका’ म्हणता येत नाही. वक्राचा बराच भाग शून्याच्या डावीकडे जातो. उणे रुग्ण कुठून आणायचे? अशा दुर्मीळ घटनांना पॉयसन वितरण, म्हणजे क्वचित घडणाऱ्या घटनांच्या मोजणीचे वितरण, लावावे. तिघे सापडल्यावरच तो कारखाना निवडला गेला असेल, तर 8 टक्के हा आकडाही फसवा आहे.

प्रश्न : ‘300 जणांवर चाचणी, एकालाही दुष्परिणाम नाही.’ म्हणजे धोका शून्य?

उत्तर : नाही. नॉर्मलच्या सूत्रात प्रमाण 0 घातले की विचलनही 0 येते आणि खोटी खात्री मिळते. त्याऐवजी 3 ला 300 ने भागा : 95 टक्के विश्वासपातळीवर धोका 1 टक्क्यापर्यंत असू शकतो. पडताळा सोपा आहे. धोका 1 टक्का असूनही 300 पैकी कुणालाच त्रास न होण्याची शक्यता म्हणजे 0.99 चा 300 वा घात, आणि तो सुमारे 0.05 येतो.