पाटीवर काय लिहायचं?

मानसशास्त्रात एम.ए. झालीस, सांगलीच्या विश्रामबागेत गाळाही बघितलास, छान. पण पाटी रंगवायला टाकण्याआधी जरा थांब. नुसत्या एम.ए.वर 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट', म्हणजे मानसिक आजार तपासून गोळ्यांशिवाय उपचार करणारा मानसशास्त्रज्ञ, असं लिहू नकोस. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची नोंदणी लागते, आणि ती परिषदेच्या मान्यतेचं शिक्षण पुरं केल्यावरच मिळते. आजवर बहुतेकांनी त्यासाठी दोन वर्षांचं एम.फिल. केलं. परिषदेच्या 1992 च्या कायद्यात विनानोंदणी व्यवसायाला एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड आहे, किंवा दोन्ही. दंडाचा आकडा ऐकून हसू येतं, कैदेचं येत नाही.

तोवर 'समुपदेशक, एम.ए. (मानसशास्त्र)' एवढं पुरे. क्लिनिकल सोडून इतर मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक 2021 च्या कायद्यानं वेगळ्या आयोगाखाली आलेत, तिकडेही लक्ष ठेव. 'डॉ.' तर नकोच. दवाखान्यांचं मिरज शेजारी असल्यानं आपल्याकडे ते एक अक्षर दिसलं की लोक गोळ्या मागतात, आणि गोळ्या लिहिणं मनोविकारतज्ज्ञाचं काम.

पुढे शिकायचं ठरवलंस तर फी भरण्याआधी आरसीआयच्या यादीत संस्थेचं नाव आणि मान्यता कुठल्या वर्षापर्यंत आहे, हे स्वतः बघ. ऑफिसमधल्या माणसाच्या 'होऊन जाईल मॅडम'वर जाऊ नकोस. तिथल्या जुन्या विद्यार्थ्यांना विचार: पेशंट प्रत्यक्ष बघायला मिळतात का, तुमचे रिपोर्ट सर वाचतात की नुसती सही ठोकतात? ऑनलाइन झटपट 'थेरपिस्ट' करणारे कोर्स सोडून दे, भिंत सजते फक्त.

आणि मिरजेतल्या एखाद्या मनोविकारतज्ज्ञाला आत्ताच भेटून ये. जीव द्यायचं बोलणारा माणूस पहिल्याच आठवड्यात समोर बसू शकतो.