मार्केटिंग फी भरायची, मग हिशेब कोण देणार?

प्रश्न : पुण्यातल्या एका रेस्टॉरंट साखळीचं आउटलेट मी तीन वर्षांपासून जुळे सोलापुरात चालवतो. रॉयल्टी वेगळी आणि शिवाय ३ टक्के मार्केटिंग फी. जाहिराती मात्र पुण्या-मुंबईतच. गड्डा यात्रेतलं होर्डिंग मी पदरच्या पैशानं लावलं. हिशेब मागितला तर ‘ही कंपनीची अंतर्गत बाब आहे’ असं उत्तर आलं. पुढच्या महिन्यापासून फी बंद करू का?

उत्तर : नका करू. तुमचा राग रास्त आहे, पण फी थांबवलीत की करार मोडणारे तुम्ही ठरता. तुमच्या करारात थकबाकीसाठी ३० दिवसांची नोटीस आणि मग करार रद्द, असं कलम आहे. शिवाय सही करताना दिलेले कोरे चेक कंपनीकडे आहेत. त्यातला एक वटला नाही तर चेकच्या कायद्यातल्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट) कलम १३८ ची फौजदारी तक्रार मागे लागेल.

तुम्ही पाठवलेला करार मी दोनदा वाचला. कलमाचं शीर्षक ‘फी’ आहे, पण आत लिहिलंय की ही रक्कम ‘ब्रँडच्या जाहिरातीसाठी मार्केटिंग फंडात जमा केली जाईल’. तुमची सगळी केस या ओळीवर उभी आहे. नुसती फी असती तर ते कंपनीचं उत्पन्न, त्यांनी ते कसंही वापरलं असतं. ठरावीक कामासाठी फंड म्हणून घेतलेल्या पैशाचा हिशेब मात्र ‘अंतर्गत बाब’ म्हणून झटकता येत नाही.

सोलापुरात जाहिरात नाही, ही तक्रार मात्र पुढे रेटू नका. ‘विशिष्ट भागात खर्च करण्याचं बंधन नाही’ असं त्याच कलमात आहे आणि खाली तुमची सही आहे. त्यापेक्षा तुम्ही पाठवलेला कंपनीच्या होर्डिंगचा फोटो बघा. ‘आमची फ्रँचायझी घ्या’ आणि खाली फोन नंबर. ही गिऱ्हाइकांसाठीची जाहिरात नव्हेच, कंपनी स्वतःसाठी नवे फ्रँचायझी शोधते आहे. तो खर्च फंडातून झाला असेल तर विचारायचा प्रश्न हा. अमेरिकेत कंपनीला फ्रँचायझी घेणाऱ्याच्या हातात सहीच्या किमान १४ दिवस आधी माहितीचा कागद द्यावा लागतो. जाहिरात फंडातला किती टक्के पैसा जाहिराती बनवण्यावर, किती माध्यमांवर, किती प्रशासनावर गेला आणि नवे फ्रँचायझी मिळवायला किती वापरला, हे त्यात असतं. आपल्याकडे फ्रँचायझीसाठी वेगळा कायदाच नाही. १८७२ चा करार कायदा आणि तुमचा करार, एवढंच हातात आहे. म्हणून त्यातला शब्द न् शब्द वाचायचा.

इनव्हॉइसमध्ये मला आणखी एक गोष्ट दिसली. करारात टक्केवारी ‘कर वगळून’ विक्रीवर आहे. तुमच्या महिन्याच्या ६,३०,००० रुपयांत ५ टक्के जीएसटी धरलेला आहे, तरी फी त्या पूर्ण रकमेवर, म्हणजे १८,९०० लावली आहे. ६ लाखांवर ती १८,००० होते. दरमहा ९०० जास्त, त्यावर १८ टक्के जीएसटी धरून १,०६२. ५ टक्के दरात रेस्टॉरंटला इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) नसल्यानं हा जीएसटीही तुमच्याच खिशातून जातो. चुकून दिलेला पैसा करार कायद्याच्या कलम ७२ नुसार परत मागता येतो. पत्राची सुरुवात यानंच करा, कारण आकडे त्यांच्याच इनव्हॉइसचे आहेत.

पत्र ईमेलनं आणि स्पीड पोस्टनं पाठवा. फंडाचं वर्षवार जमा-खर्च पत्रक आणि एजन्सीची बिलं मागा, १५ दिवसांची मुदत द्या. दर महिन्याची फी भरताना ‘हक्क राखून, हरकतीसह’ असा एका ओळीचा मेल जोडा.

उत्तर आलं नाही तर लवादाची नोटीस. लवाद पुण्यात आहे, म्हणजे हेलपाटे आहेत, हे खरं. पण करारातल्या ‘लवाद कंपनी नेमेल’ या वाक्याला घाबरू नका. वादातल्या पक्षानं एकट्यानं एकमेव लवाद नेमणं सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये अमान्य केलं आहे. तुम्ही संमती दिली नाहीत तर नेमणुकीसाठी उच्च न्यायालयात जाता येतं.

एक घाई मात्र कराच. पैशासाठी दावा करायची मुदत तीन वर्षांची आहे आणि नुसत्या पत्रव्यवहारानं ती वाढत नाही. लवादाची नोटीस समोरच्याला मिळते तेव्हाच घड्याळ थांबतं. तुमचे पहिल्या वर्षाचे हप्ते आता काठावर आहेत. येताना पहिल्या महिन्यापासूनचे सगळे इनव्हॉइस आणि बँकेचा उतारा घेऊन या.