पाव्हण्यांची चिमणी आणि तुमची स्कूटर

वाचकांचे प्रश्न : वीज आणि हवा

प्रश्न : मी निपाणीजवळच्या गावात राहतो, ई-स्कूटर वापरतो. कागलचे आमचे पाव्हणे सारखं म्हणायलेत, की धूर तुझ्या गाडीतनं निघत नाही पण रायचूरच्या चिमणीतनं निघतोच की, मग तू वाचवलंस काय? मी म्हणतो आमच्या कर्नाटकात पाणी, वारं, ऊन सगळ्याची वीज हाय, कोळशाची वीज तुमच्या महाराष्ट्रात. कोण बरोबर?
– एक वाचक, निपाणी भाग

उत्तर : स्कूटरच्या बाबतीत तुम्ही बरोबर, चिमणीच्या बाबतीत पाव्हणे बरोबर. पण यात बॉर्डर आणू नका. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची लाईन चालू झाली आणि दक्षिणेची ग्रिड, म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या तारांचं जाळं, बाकी देशाच्या ग्रिडला जोडली गेली, तेव्हापासून शरावती-कोयनेची पाण्यावरची आणि रायचूर-चंद्रपूरची कोळशावरची सगळी मशिनं एकाच ५० हर्ट्झच्या तालात फिरतात. कागलला महावितरणचा मीटर, निपाणीला कर्नाटकच्या हेस्कॉम या वीज कंपनीचा, दर वेगळे, लाईट जायच्या वेळा वेगळ्या, पण मागची ग्रिड एकच.

आता कर्नाटकाचं. आपल्याकडं पाणी-वारं-ऊन यांची क्षमता निम्म्याहून जास्त आहे हे खरंच आहे, शरावती १०३५ मेगावॅट, कैगाची अणुवीज ८८० (तिच्यातही कोळसा जळत नाही), तुमकूरकडं पावगड्याचा सोलार पार्क २०५० मेगावॅट, आणि सौंदत्तीकडं गेलात तर माळावर पवनचक्क्या दिसतातच. पण कोळशाचीही यादी वाचा की, रायचूर १७२०, बळ्ळारी १७००, यरमरस १६००, आणि आपल्याला सगळ्यात जवळचं म्हणजे विजापूर जिल्ह्यातलं कूडगी, २४०० मेगावॅट. आणि मेगावॅट म्हणजे मशीन जास्तीत जास्त किती वीज देऊ शकतं तेवढंच, महिन्याला हातात युनिट किती पडले तो हिशेब वेगळा. पावगड्याच्या २०५० ची दिवसरात्र मिळून सरासरी काढली तर पाचशेच्या आसपास येते, कारण रात्री ऊन नाही आणि सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन, उलट कोळशाचं मशीन कोळसा असेपर्यंत रात्रंदिवस चालतं. म्हणून देशात २०२५ मध्ये कोळसा-गॅस सोडून बाकीची क्षमता निम्म्यावर पोचली तरी प्रत्यक्षात दहातले सातेक युनिट अजून कोळशाचेच आहेत, आणि देशातल्या वीज कारखान्यांतून वर्षाला शंभर कोटी टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. २०२३ मध्ये पाऊस दगा देऊन गेला तेव्हा आपण बघितलंच, धरणं भरली नाहीत, पंप जास्त चालले, ऑक्टोबरात लोडशेडिंग आलं आणि सगळा भार कोळशावर.

स्कूटरचा हिशेब असा. शंभर किलोमीटरला चार्जरमधला लॉस धरून साडेतीन युनिट लागतात असं समजा. देशाची सरासरी युनिटमागं ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे अडीच किलो. पाव्हण्यांचं म्हणणं पूर्ण मान्य करून सगळी वीज कोळशाची धरली, युनिटला एक किलो, तरी साडेतीन किलो. पेट्रोलची स्कूटर तेवढ्याच अंतराला दोन लिटरच्या वर पिते आणि एका लिटरला २.३ किलो निघतो, म्हणजे पावणेपाच किलोच्या आसपास. तेव्हा वाचलंय, शून्य झालेलं नाही पण वाचलंय, हे त्यांना आकड्यानिशी सांगा. आणि जमलं तर दुपारी अकरा ते तीनमध्ये चार्जिंगला लावा, तेव्हा ग्रिडमध्ये सोलार भरपूर असतं. संध्याकाळी सात-आठला घरोघरी लाईट, पंखे, टीव्ही चालू होतात, सूर्य गेलेला असतो, त्या वेळचं तुमचं जादा युनिट बहुतेक करून कोळशाचं नाहीतर धरणाचं.

पण मला विचाराल तर आपल्या भागात स्कूटरपेक्षा मोठी गोष्ट पंपाची आहे. ५ एचपीचा पंप सात तास चालला तर पंचवीस-सव्वीस युनिट जातात, म्हणजे एका रात्रीच्या पाण्यात तुमच्या स्कूटरचे सातशे किलोमीटर. रात्रीची थ्री फेज, म्हणजे पंपाची वीज, आली की माणूस उसात बॅटरी घेऊन उतरतो, पायाखाली साप आहे का इंगळी दिसत नाही, दारं मोडायचं, परत बांधायचं, झोप नाही, आणि ती वीज पुन्हा जास्त करून कोळशाची. तेच सात तास दिवसा दिले तर माणसाची रात्र वाचते आणि कोळसाही वाचतो, दर युनिटला सहा-सातशे ग्रॅम. केंद्राच्या कुसुम योजनेत सबस्टेशनजवळ सोलार बसवून शेतीच्या फीडरला (सबस्टेशनातनं पंपांकडं जाणाऱ्या लाईनला) दिवसा वीज द्यायचं काम कर्नाटकात चालू आहे, तुमच्या फीडरचा नंबर कधी ते ग्रामपंचायतीतनं लेखी विचारा, चार गावांनी मिळून विचारलं तर आणखी बरं. हे मी फार कळकळीनं सांगतोय कारण सोलारच्या चर्चेत घराच्या छपराचंच बोलणं होतं आणि रात्री पाणी पाजणारा माणूस कुणाच्या डोळ्यासमोर येत नाही.

प्रश्न : साखर कारखान्यात बगॅस (उसाचा रस काढून उरलेला चोथा) जाळून वीज करतात, धूर तर निघतोच, मग तिला ग्रीन का म्हणतात?
– एक वाचक, चिकोडी

उत्तर : कारण बगॅस जळून जो कार्बन निघतो तो उसानं वाढताना हवेतूनच घेतलेला असतो आणि पुढच्या उसात परत जातो, जमिनीखालून नवीन काही वर आलेलं नाही. गळीत हंगामात कारखाना स्वतःची गरज भागवून उरलेली वीज ग्रिडला विकतो, नेमकं तेव्हा नद्यांना पाणी कमी झालेलं असतं, त्यामुळं तिची किंमत जास्त. चिमणीतून उडणारी काजळी मात्र खरीच, वाळत घातलेल्या कपड्यांवर पडते ती तीच, ती अडवायला फिल्टर नीट चालू पाहिजेत. आणि काही ठिकाणी हंगाम संपल्यावर त्याच बॉयलरमध्ये कोळसा टाकतात, ती वीज ग्रीन नव्हे.