स्पॅनिश बोलीभाषा: तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

कोलंबियात, बोगोटात 'तिंतो' मागितला तर वाइन येईल का?
नाही, काळी कॉफी येईल. वाइन स्पेनमध्ये.

'ग्वाग्वा' म्हणजे बस की बाळ? दोन ॲपवर दोन अर्थ दिसतायत.
दोन्ही बरोबर. क्युबा, पोर्तो रिको, कॅनरी बेटांवर बस, आणि चिली-बोलिव्हियाकडे बाळ, तो क्वेचुआ या अँडीजमधल्या मूळ भाषेतून आलाय. ॲप देश सांगत नसेल तर डिलीट करा.

मी पुण्यात मेक्सिकन क्लायंटच्या प्रोजेक्टवर आहे. क्रॅश कोर्समध्ये 'वेय' आणि 'नो मामेस' शिकवलं, कॉलवर बोललं की जवळीक वाटते म्हणे. वापरू का?
नको! दर महिन्याला कोणीतरी हेच विचारतं. 'वेय'चं मूळ बैल, मित्रामित्रांत ते 'भावा'सारखं चालतं पण अनोळखी माणसाला म्हणालात तर सरळ मूर्ख म्हटल्यासारखं होतं, आणि 'नो मामेस' ('काहीही काय!') तर चक्क अश्लील आहे, मेक्सिकन लोक जरा सभ्य ठिकाणी 'नो मांचेस' म्हणतात, तेही ऑफिसात जपून. अर्जेंटिनातल्या 'बोलुदो'ची तीच गत, जिवलग मित्रही तोच आणि शिवीही तीच. हे कोर्सवाले आठवड्यात स्लँग शिकवायचे पैसे घेतात पण कुठला शब्द कुठल्या देशात, कोणी कोणाला म्हणायचा ते सांगत नाहीत, कारण ते सांगायला वेळ लागतो. माद्रिदमध्ये बस पकडायला 'कोहेर' हे साधं क्रियापद आहे, तेच मेक्सिकोत किंवा अर्जेंटिनात म्हणालात तर तुम्ही बसशी संभोग करताय. तिथे 'तोमार' म्हणा. स्पॅनिश अकादम्यांचा 'अमेरिकानिस्मोस'चा, म्हणजे अमेरिका खंडातल्या स्पॅनिश शब्दांचा कोश 2010 चा आहे, ऑनलाइन फुकट आहे, प्रत्येक अर्थापुढे देश दिलाय, आधी तो बघा. आणि तरी टीममधल्या एखाद्या मेक्सिकन माणसाला खासगीत विचारा, मग तोंड उघडा. समजायला सगळं शिका हो, बोलायची घाई कशाला?

रीलमध्ये ऐकलं की 'चेवेरे' (म्हणजे 'भारी') सगळीकडे चालतं. खरंय?
कोलंबिया, व्हेनेझुएलात मस्त चालतं. स्पेनमध्ये 'ग्वाय', मेक्सिकोत 'चिदो', चिलीत 'बाकान'. 'सगळीकडे' म्हणणाऱ्या रीलवर विश्वास ठेवू नका, जिथे जाताय तिथल्या माणसाला विचारा.

मेक्सिकोचे मॅनेजर 'आओरिता पाठवतो' म्हणाले, त्याला दोन दिवस झाले. आता काय करू?
मेक्सिकोत 'आओरिता' म्हणजे आत्ता, थोड्या वेळाने किंवा कधीच नाही. पोर्तो रिकोत तर 'नंतर'च. सूर ऐकून कळतं, मेलवरून नाही. 'आ के ओरा?' म्हणजे किती वाजता, हे नम्रपणे विचारायचं. दोन दिवस थांबून मला कसलं लिहिताय, आत्ताच त्यांना फोन लावा.