मनात खोल बसलेली समजूत भावना आणि विश्वासाच्या जोरावर बदलते का?

बदलते, पण नुसतं आरशासमोर घोकून नाही. कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञ जोआन वुड यांच्या २००९ च्या प्रयोगात 'मी प्रेमास पात्र आहे' असं घोकल्यावर आत्मसन्मान कमी असलेल्यांना उलट जास्तच वाईट वाटलं. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँडुरांनी सापाला घाबरणाऱ्यांना उपदेश केला नाही. आधी दुसऱ्याला साप हाताळताना दाखवलं, मग सोबत राहून हळूहळू त्यांनाच हात लावायला दिला. भीती अंगात जागी असतानाच 'काहीच झालं नाही' हा अनुभव आला, की समजूत ढिली पडते. विश्वास बहुतेक वेळा त्यानंतर येतो (शिबिरं विकणारे हे सांगणार नाहीत). चारचौघांत बोलता येत नाही असं वाटतं? सोसायटीच्या मीटिंगमध्ये एकच प्रश्न विचारा, आवाज थरथरला तरी चालेल. पुढच्या वेळी दोन.